कुंकवाखालचं नाव

मी नायट्रिक ॲसिडची बाटली बोलतेय. वर शोधू नका, जरा खाली वाका. कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये एकटीच बसलेली तपकिरी बाटली दिसेल, ती मी. थकलेय, तेव्हा सावकाश ऐका.

हुबळीच्या एका दुकानातून पेंढ्यात गुंडाळून मला धारवाडला आणलं. केलगेरी तळ्याच्या वाटेवरच्या या शाळेत आले तेव्हा माझ्या अंगावर पांढरंशुभ्र लेबल होतं. त्यावर ठळक नाव, खाली धोक्याची सूचना. पोटात काय आहे हे बाटलीला सांगता येत नाही. ते लेबल हेच माझं तोंड होतं.

राघवेंद्र सर इथले जुने विज्ञानशिक्षक. माणूस भला, शिकवण्यात वाघ, पण पूजेची हौस भारी. दर खंडेनवमीला प्रयोगशाळेची पूजा व्हायची. सूक्ष्मदर्शकाला झेंडूची माळ, सांगाड्याच्या गळ्यात शेवंतीचा हार आणि आम्हा बाटल्यांना हळदकुंकू. तेही ओल्या बोटानं, बरोबर लेबलाच्या मध्यावर. पूजेआधी ओल्या फडक्यानं पुसायचं, पूजा झाली की पुन्हा पुसायचं. टाकीचे घाव सोसल्यावर देवपण येतं म्हणतात, मला ते फडकं सोसूनच आलं. आधी धोक्याची सूचना गेली, मग अक्षरं गेली, शेवटी लालपिवळा डागाळलेला कागद तेवढा उरला. सर मला ओळखायचे, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोण नाव विचारतं?

त्यात आमची मांडणी. पूजेत शोभून दिसावं म्हणून सर आम्हाला उंचीप्रमाणे लावायचे, आणि मग वर्षभर तसंच राहायचं. माझ्याच उंचीची, माझ्याच रंगाची स्पिरिटची बाटली अशी माझ्या शेजारी आली. तिचं नि माझं जमत नाही. आम्ही एका भांड्यात आलो तर तापतो, तांबडा धूर ओकतो, बाटलीच्या ठिकऱ्या उडवतो. पण शेजार निवडणं माझ्या हातात नव्हतं. वर्षानुवर्षं जीव मुठीत धरून बसून राहिले.

यंदा शाळेत दोघीजणी नव्या आल्या. एक मधुवंती टीचर, आणि दुसरी अळणावरकडच्या खेड्यातून येणारी शिपाईबाई, चंद्रभागा अक्का. टीचरनी नवी लेबलं आणून ठेवली होती. बाटल्या वेगळ्या करूया, असं त्या सरांना सारखं म्हणत. सर म्हणायचे, "नवमी होऊ दे, मग बघू."

नवमीच्या सकाळी अक्का साफसफाईला लागली. मी अर्धी, शेजारीण अर्धी. अर्धं भांडं देवापुढं ठेवू नये, अशी तिच्या घरची रीत. तिनं मला टेबलावर घेतलं, पदर नाकाला लावून माझं बूच काढलं आणि स्पिरिटची बाटली उचलून माझ्यावर वाकवली. मला भीती वाटली, फार भीती वाटली. ओरडायचं होतं, पण तोंड केव्हाच पुसलं गेलं होतं.

"अक्का, मुट्टबेडरी. हात लावू नका तिला." दारातून मधुवंती टीचरचा आवाज आला. "हातातलं खाली ठेवा आणि मागं या."

अक्का बावरली. "अर्धी बाटली पूजेला कशी ठेवायची, टीचर? दोन्ही स्पिरिटच की. एकात ओतून एक तरी भरून घेते म्हटलं."

"ते ॲसिड आहे, अक्का. तोंडावर उडालं असतं."

"कुठं लिवलंय तसं? त्याच्यावर तर कुंकूच हाय."

राघवेंद्र सर हळदकुंकवाचं तबक घेऊन मागेच उभे होते. ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्टुलावर बसले. "मला माहीत होतं ना," ते हळूच म्हणाले, "म्हणून लिहून ठेवायचं कधी सुचलंच नाही. टीचर, ती लेबलं आणा. पूजा थांबू दे थोडी."

स्पिरिट दुसऱ्या कपाटात गेलं, मी खाली आले. हातमोजे घालून सरांनी स्वतः मला नवं लेबल लावलं. कन्नड आणि इंग्रजीत नाव, आणि लाल चौकटीत एक हात, त्यावर पडून तो जाळणारे थेंब.

"हा हात कुणाचा?" अक्कानं विचारलं.

"आज तुमचा झाला असता," टीचर म्हणाल्या.

यंदा कुंकू कपाटाच्या दाराला लागलं.

माझं बूच आता झिजलंय, आतलं ॲसिडही जुनं झालंय. रसायनांची विल्हेवाट लावणारी माणसं आली की मी जाईन, आणि खरं सांगू, सुटेन. माझ्या जागी नवी येईल. तिची पूजा खुशाल करा, फक्त तिचं नाव झाकू नका. आपल्याला माहीत आहे तेवढ्यावर दुसऱ्याचा जीव टांगून ठेवू नका.

त्या दिवशी आरती झाल्यावर चंद्रभागा अक्का माझ्यासमोर आली. जवळ आली नाही, लांबूनच तिनं हात जोडले. दोन्ही हात.