झरमीनाचं पहिलं वाक्य

खडूचा तुकडा इतका लहान उरला होता की चिमटीतही नीट मावत नव्हता, तरी तो सोलांजला टाकवत नव्हता. वर्ग रिकामा, खुर्च्या वेड्यावाकड्या, खिडकीबाहेर साँत-एत्येन शहराचा मार्चातला ओला, करडा उजेड... आणि फळ्यावर तिच्याच वळणदार अक्षरातलं ते वाक्य.

शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने परदेशातून आलेल्यांसाठी फ्रेंचचा हा फुकट वर्ग सुरू केला, आणि शाळेतली सवयही बरोबर आणली — वाक्य चुकलं की तिथल्या तिथे अडवायचं, नीट म्हणवून घ्यायचं, फळ्यावर लिहायचं. मंडळींना ते आवडायचं. त्यांचे प्रश्न तरी किती — टेबल बाई कशी, उच्चारायची नाहीत ती अक्षरं लिहायचीच कशाला, पाववालीला 'तू' म्हटलं तर ती रागावेल का... जॉर्जियाचा गोचा म्हणायचा, "मॅडम, तुमची भाषा म्हणजे सासू. काही करा, चूकच." सगळे हसायचे. झरमीना सोडून.

ती अफगाण पोरगी हिवाळाभर शेवटच्या खुर्चीत कोट न काढता बसून होती. एक शब्द नाही. बोलेल ती, घाई करू नका — मीच सांगत होते ना सगळ्यांना? आणि आज ती आपणहून उभी राहिली.

"माझी भाऊ मेली."

"माझा," सोलांज म्हणाली. "माझा भाऊ मेला."

"माझा भाऊ मेला."

"छान."

छान... तोंडातून गेलं ते गेलं. तोवर हात फळ्यावर लिहीतही होता आणि वर्ग वह्यांत उतरवून घेत होता. मग गोचाने विचारलं — टिंगल नव्हती, बिचारा खरंच विचारत होता — 'मेला' म्हणायचं की 'वारला'? आणि तिने फरक सांगितला, उदाहरणासकट. झरमीनानेही तो लिहून घेतला, पिशवी उचलली आणि कुणाकडे न बघता निघून गेली. गुरुवारच्या वर्गाला येईल ती? पुन्हा कधी तोंड उघडेल?

सोलांजचा नवरा रेमाँ गेला तेव्हा नगरपालिकेतल्या कारकुनाने त्याच्या आडनावाचं स्पेलिंग विचारलं होतं. एकेक अक्षर सांगताना तिला किती बरं वाटलं होतं — तेवढा वेळ रडावं लागलं नाही. मग झरमीनालाही कदाचित तसंच... नाही. ही पळवाट आहे, सोलांज. तुला कुणी 'छान' म्हटलं नव्हतं.

तिने फडकं उचललं आणि थांबली. आपल्याच हाताने हे पुसायचं? आणि ठेवलं, तर संध्याकाळी शिवणवर्गाच्या बायका येतील, वाचतील, सोपं वाक्य आहे म्हणतील. कोण होता तो, कसा गेला, थोरला की धाकटा... तिने काहीच विचारलं नव्हतं.

"त्याचं नाव काय होतं?" ती शेवटच्या खुर्चीकडे बघून म्हणाली. आणि डोक्यात तिच्याही नकळत आपलंच हे वाक्य तपासून झालं. बिनचूक होतं. तिला स्वतःचीच भीती वाटली.