मोज्यांची खुरपणी

दोघी जावांनी ज्या शेतात पंधरा वर्षं खुरपणी केली, त्याच जागेवर मोज्यांचा कारखाना उभा राहिला आणि दोघी त्यात कामाला लागल्या. फरक म्हणाल तर एवढाच, की आता डोक्यावर ऊन नव्हतं आणि पाणी प्यायला परवानगी काढावी लागे.

काम तसं सोपं. लांबलचक टेबलाशी बारा बायका, प्रत्येकीपुढे सुट्या मोज्यांची टोपली. जोड्या लावायच्या आणि भोंगा व्हायच्या आत टोपली रिकामी करायची. थोरलीची टोपली चारलाच रिकामी व्हायची. धाकटी मात्र एकेक मोजा मुलीसाठी स्थळ बघावं तसा निरखायची. तिची तीन महिन्यांची उमेदवारी शनिवारी संपत होती. या आठवड्यात एकदा जरी टोपलीत मोजा उरला, तरी पुढे येऊ नका, असं सुपरवायझरने बजावलं होतं. खुरपायला शेत उरलं नव्हतं, आणि तिचा नवरा ‘आपण शेतकरी माणूस’ म्हणत दिवसभर पायरीवर बसून असे.

मंगळवारी चारला थोरली उठली आणि तिने सरळ धाकटीच्या टोपलीत हात घातला. शेतात हीच रीत होती. जिची ओळ आधी संपेल तिने मागे पडलेलीच्या ओळीत दुसऱ्या टोकाकडून शिरायचं. सुपरवायझर धावत आला. शिकलेला माणूस, त्याने नियम वाचून दाखवला. एक बाई, एक टोपली.

“साहेब, माझी ओळ संपली, तिची राहिलीय,” थोरली म्हणाली. “मग काय बांधावर बसून बघत राहू?”

“इथे बांध कुठंय?”

“तुमच्या खुर्चीखाली होता.”

सुपरवायझरने वळून खुर्चीखाली पाहिलं. तिथेच त्याचं चुकलं. सगळ्या बायका हसल्या, आणि हसण्यावर पुस्तकात नियम नव्हता. बुधवारपासून जिची टोपली संपेल ती उठून मागे राहिलेलीकडे जाऊ लागली. एकदम बारा जणींना ताकीद दिली तर टेबलाशी कोण उरेल, याचा त्याने नीट विचार केला आणि तो भिंतीकडे बघत बसू लागला.

शनिवारी भोंग्याला अर्धा तास असतानाच बाराही टोपल्या रिकाम्या होत्या. नेमके तेव्हाच मॅनेजर आले आणि हे कसं जमलं म्हणून विचारू लागले. सुपरवायझर खरं बोलला, तर धाकटीने टोपली एकटीने संपवली नाही हे उघड होणार होतं. त्याने घसा खाकरला आणि ही आपण स्वतः आखलेली नवी पद्धत आहे, असं सांगितलं. थोरलीने गंभीरपणे मान डोलावली. पद्धतीला तिथल्या तिथे पाच शब्दांचं नाव मिळालं, सुपरवायझरला शाबासकी आणि धाकटीला नोकरी पक्की झाल्याचं पत्र.

पत्रावर नुसतं तिचं नाव होतं. अमक्याची सून, तमक्याची बायको, काही नाही. घरी नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि मग आता रोजचा स्वयंपाक कोण करणार, असं विचारलं. ती खुर्ची ओढून बसली.

बऱ्याच वेळाने तो आत गेला. डबे उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज आले.

“अगं, मीठ कुठे असतं?”

तिने सांगितलं. उठली मात्र नाही.