शाळेच्या भाषेत

राहू गावाच्या पुढे उसात बुडालेली जिल्हा परिषदेची एक वस्तीशाळा आहे. निम्मी पोरं गावची, निम्मी गुऱ्हाळांवरची. गुऱ्हाळं गावकऱ्यांच्या नावावर, पण उकळत्या कढईपुढे उभा असतो तो मुझफ्फरनगरचा माणूस. त्याच्या हातचा गूळ गावाला गोड लागतो. त्याची पोरं शाळेत येऊन हिंदीत बोलायला लागली, की मात्र तोंडं कडू होतात.

करुणा कांबळे शिरूरहून न्हावऱ्यामार्गे स्कूटीवर यायची आणि पहिलीला शिकवायची. परप्रांतीय मुलांना त्यांच्या भाषेचं बोट धरून मराठीकडे आणा, असं प्रशिक्षणात एका मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं. साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं होतं, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा घेतला. शाळेत आल्यावर बोट कुणाचं धरायचं आणि जायचं कुठे, हे जो तो आपापल्या अकलेनं ठरवत होता.

पारुल दिवाळीनंतर शाळेत आली. सहा वर्षांची. गुऱ्हाळावरच्या काकीनं घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि तोंडातून शब्द नाही. हजेरीला हात वर करायची, तेवढंच. तिची एकच गोष्ट करुणाच्या डोक्यात जायची. फळ्यावर ‘आई’ लिहून सगळ्या वर्गानं एका सुरात ‘आई’ म्हटलं, की ही मान वळवून दाराकडे बघायची. दारात कुणी नसायचं. मग ती पुन्हा फळ्याकडे बघायची आणि पाटीवर काहीच लिहायची नाही.

करुणा आधी रागावली. मग तिची जागा बदलून दाराकडे पाठ करून बसवलं, तर पोरगी कमरेतून वळायला लागली. वर्गातल्या पोरांनी तिला ‘दारवाली’ हे नाव ठेवून टाकलं, पोरंच ती. कान तपासून घ्यावेत का, असंही करुणानं खिचडी शिजवणाऱ्या चांगुणामावशीला विचारलं. मावशीनं डाळीतले खडे निवडता निवडता वरसुद्धा पाहिलं नाही.

“कान चांगलं हायेत, मॅडम. खिचडी म्हणलं की पयली उठती. तिला कुणाची तरी वाट हाय.”

ती कुणाची, हे सोमपालनं सांगितलं. सोमपाल म्हणजे पारुलचा बाप. एका सोमवारी मधल्या सुट्टीत तो फाटकाशी येऊन उभा राहिला. हातांवर रसाचे थेंब उडून पडलेले जुने डाग, आणि चपला बाहेर काढलेल्या, जणू देवळातच आला होता. करुणाला वाटलं, दाखला मागायला आला असेल. हंगाम सोडून निघालेली माणसं अशीच येतात. पण तो दाखल्याचं काही बोलला नाही. मान खाली घालून तो तुकड्या-तुकड्यानं सांगत गेला. बायको गावी होती. कावीळ झाली. दिवाळीत फोन आला म्हणून तो एकटाच गेला आणि तिला अग्नी देऊन परत आला. निघताना पोरीला सांगितलं होतं, मम्मीला आणायला चाललोय. आल्यावर सांगितलं, बरी झाली की येईल. गुऱ्हाळावर सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे तोंडात मूग गिळून बसले होते. आता तिथलीच पोरं कुजबुजायला लागली होती. कुणी खेळताखेळता बोलून टाकण्याआधी तिला कळायला हवं होतं.

“मुझसे नहीं बोला जाता, मैडम,” तो म्हणाला. “आप बता दो. स्कूल की भाषा में बता दो. हमारी में सुनेगी तो...”

करुणाला संतापच आला. हे काम माझं नाही, असं तोंडावर सांगावं, असं तिला वाटलं. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं आणि बरं म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही कळलं नाही. तिच्या आत काहीच हललं नाही. ती नुसती वर्गाकडे चालायला लागली.

पोरं बाहेर ताटं वाजवत होती. पारुल एकटीच वर्गात होती. करुणा तिच्यासमोर सतरंजीवर बसली. डोक्यात तिनं हिंदी वाक्यं जुळवली होती, भगवान के घर वगैरे. पण ती भगवानाच्या घरचं कुणाला सांगणाऱ्यांतली नव्हती, आणि ऐनवेळी जीभ आपल्या घरच्या वाटेनंच गेली.

“पारुल, बाळा, तुझी आई गेली.”

पोरीनं दाराकडे पाहिलं. मग करुणाकडे.

“आई?” ती म्हणाली. “कब आई? मुझसे मिली भी नहीं... चली गई?”

करुणाला दोन्ही भाषा येत होत्या. हिंदीतली ‘आई’ म्हणजे आली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण महिनाभर रोज आपण या पोरीला ओरडून ओरडून ‘ती आली, ती आली’ सांगत होतो, हे तिच्या ध्यानात आत्ता आलं. त्याचं आता काही करता येण्यासारखं नव्हतं. रडू येईल असं तिला वाटलं, पण तेही आलं नाही. सगळं अंग बधिर झालं होतं, आणि या बधिरपणातच सांगून टाकलं नाही तर पुन्हा सांगता येणार नाही, एवढं तिला कळत होतं.

“नहीं आई,” ती म्हणाली. “मम्मी मर गई, बेटा. गाँव में. अब नहीं आएगी.”

एवढा उघडा शब्द तिनं आजवर कुठल्याच भाषेत कुणाला वापरला नव्हता. सतरंजीचा एक दोरा निघाला होता, तो पारुलनं बोटाला गुंडाळला आणि पुन्हा सोडला. बाहेर चांगुणामावशी पोरांना रांगेत उभं करत होती. मग ती पुढे सरकली, करुणाच्या अगदी जवळ आली आणि हळूच बोलली. शाळेत आल्यापासूनचं तिचं हे पहिलं मराठी वाक्य. खोडी झाली की पोरं एकमेकांना असंच बजावतात, तिथूनच तिनं ते उचललं असावं.

“मॅडम, पप्पाला सांगू नको.”

मग ती उठली, ताट घेतलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

सोमपाल फाटकाशी तसाच उभा होता. सांगितलं का, म्हणून त्यानं विचारलं. करुणानं मान डोलावली. रडली का, म्हणून विचारलं. नाही, ती म्हणाली.

“कुछ बोली?”

करुणानं रांगेकडे पाहिलं. पारुल ताट पुढे धरून खिचडी घेत होती.

“नहीं,” ती म्हणाली. “कुछ नहीं बोली.”

सोमपालनं गमछ्यानं तोंड पुसलं. बरं झालं म्हणाला, आणि चपला पायात सरकवल्या.

“छोटी है, मैडम. समझी नहीं होगी.”

करुणा हो म्हणाली.