कोरड्या तळ्याची पौर्णिमा

शैलेंद्र आणि विभावरीने दुबईत जबल अलीच्या पलीकडचा तो व्हिला भाड्याने घेतला तो समोरच्या तळ्यासाठी. तळं खणून झालं, तळाला निळ्या टाइल्स बसल्या, ‘खोल पाणी’ अशी पाटीही लागली आणि २००८ संपता संपता बिल्डरचा पैसा आटला. पाणी आलंच नाही. लाइफगार्ड मात्र आला. त्याचं नाव मुनीर. त्याला कामावरून काढायचं ज्याचं काम होतं, त्यालाच कंपनीने आधी काढलं होतं. त्यामुळे मुनीर लाल टी-शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून रोज उंच खुर्चीत बसायचा आणि कोरड्या तळ्यावर लक्ष ठेवायचा.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात शेजारची पिम विभावरीकडे आली. ती थाई, विमान कंपनीच्या किचनमध्ये शेफ. म्हणाली, “सोमवारी लॉय क्राथोंग आहे. केळीच्या पानांच्या होड्या करायच्या, त्यात फुलं, उदबत्ती, मेणबत्ती. पाण्यात सोडल्या की वर्षभराची पीडा निघून जाते.”

“अगं, त्याच दिवशी आमची त्रिपुरी पौर्णिमा! आम्हीपण पाण्यात दिवे सोडतो,” विभावरी म्हणाली. मग दोघींनी खिडकीतून तळ्याकडे पाहिलं.

“बाथटबमध्ये सोडा,” शैलेंद्रने सुचवलं. ऑगस्टमध्ये त्याची नोकरी गेली होती, तेव्हापासून तो घरातल्या सगळ्या बाबतींत सल्ले देत असे.

“टबात? मग पीडा घरातच फिरत राहील!” पिम घाबरून म्हणाली.

शेवटी ठरलं की प्रत्येकाने आपली होडी हातात धरून तळ्यातून पलीकडच्या काठापर्यंत न्यायची.

सोमवारी संध्याकाळी सहा-सात कुटुंबं होड्या घेऊन काठावर जमली. पहिलं पाऊल आत पडताच शिट्टी वाजली.

“लाइफ जॅकेट के बिना अंदर नहीं,” मुनीर म्हणाला.

“अहो, पण पाणी कुठंय?” विभावरीने मराठीतच विचारलं.

“मॅडम, पानी कंपनी का काम है. मेरा काम रूल है.”

वाद घालून उपयोग नव्हता. घराघरातून जॅकेटं, हवेच्या ट्यूबा आल्या. शैलेंद्रच्या पोटावर मुलीची, ईशानीची, बदकाची ट्यूब कशीबशी बसली.

“तैरना आता है?” मुनीरने विचारलं.

“नाही,” शैलेंद्र खरं बोलला.

“फिर आप रस्सी के इस तरफ,” मुनीरने खोल भागाआधी बांधलेली दोरी दाखवली.

सगळे आत उतरले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी बायकांनी साड्या घोट्यावर धरल्या आणि पुरुष पाण्यातून चालल्यासारखे गुडघे उचलून हळूहळू चालू लागले.

“बाबा, यू आर सो स्लो!” म्हणत ईशानी पुढे निघून गेली.

शैलेंद्रने आपल्या होडीत जुन्या कंपनीचं व्हिजिटिंग कार्ड ठेवलं होतं. ते अलीकडेच राहावं हे काही त्याला पटेना. तो वाकून दोरीखालून पलीकडे गेला. तिथे तळ उतरत होता. बाजूच्या भिंती डोक्याच्या वर गेल्या, काठावरचे आवाज दबले. त्याची छाती आवळली, श्वास पुरेना. त्याने एक हात वर केला.

मुनीरने खुर्चीतून उडी मारली. धावत येऊन त्याने शैलेंद्रच्या हनुवटीखाली हात घातला आणि त्याला उलटं ओढत काठावर आणून आडवं केलं. शैलेंद्र खोकत सुटला, बराच वेळ खोकला. त्याच्या हातून सुटलेली होडी ईशानीने उचलून पलीकडच्या काठावर नेऊन ठेवली.

विभावरी धावत आली. “अरे, असं काय करतोस? पाणी नाहीये तिथे!”

“माहितीय गं. तरी बुडत होतो.”

कोणी हसलं नाही. पिमने त्याच्या तोंडात नारळाची वडी घातली. मुनीर तेवढ्यात बाकीच्यांना ओरडत होता, “यल्ला, सब बाहर! खलास!”

दुसऱ्या दिवशी शैलेंद्र खुर्चीपाशी जाऊन म्हणाला, “मुनीरभाई, मुझे तैरना सिखाओ.” मुनीरने त्याला टाइल्सवर चटई अंथरून पालथं झोपवलं. रोज संध्याकाळी हात मारणं, पाय मारणं, मान वळवून श्वास घेणं चालू झालं. आठवड्याभरात नोकरी गेलेले आणखी तिघं आपापल्या चटया घेऊन आले. हिवाळाभर ते चौघं ओळीत पोहत होते. शैलेंद्रची फ्रीस्टाइल सगळ्यांत चांगली, असं मुनीर म्हणायचा.

मार्चमध्ये शैलेंद्रला अबुधाबीत हॉस्पिटलच्या एका काँट्रॅक्टवर काम मिळालं. पहिल्याच शुक्रवारच्या सुट्टीला तो बायको-मुलीला घेऊन समुद्रावर गेला. ऐटीत कमरेइतक्या पाण्यात शिरला, अंग झोकून दिलं, अगदी शिकवल्याप्रमाणे दोन हात मारले आणि दगडासारखा खाली गेला.

विभावरी कपड्यांनिशी आत धावली. पण तो आपला आपण उभा राहिला, नाकातोंडातून खारं पाणी गळत होतं.

“काय झालं?” तिने ओरडून विचारलं.

“स्ट्रोक बरोबर होता गं,” तो धापा टाकत म्हणाला. “इथे पाणी फार मधे मधे येतं.”