पुडीतली सवत

चारुलताला सवत होती, आणि ती मेली कागदाच्या पुडीत राहायची.

नवरा जीवन केळीच्या गाड्या भरायचा. शनवारा मोहल्ल्यातल्या खोलीवर परतला की हूं नाही की चूं नाही. जेवला की भिंतीकडे तोंड. पण गाडीवरच्या जोडीदार सुपडूने कुठूनशी आणलेल्या त्या पुडीतला मसाला विडीत भरून ओढला, की स्वारी गच्चीवर एकटीच हसत बसायची. आणि बोलणं तर काय लाडाचं! "ये ना, बस ना जवळ." कुणाला म्हणायचा? चारू तर खाली भाकऱ्या थापत असायची. लग्न झाल्यापासून तिला एकदा तरी असं म्हटलं होतं का? तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"अस्सल गांजा नाही गं तो, नकली माल आहे," शेजारच्या कोकिळाबाई म्हणाल्या. "आपण केळीवर औषध मारतो ना, तसं कुठल्यातरी पाल्यावर केमिकल मारतात. माझा भाचा एका झुरक्यात हसला अन् दुसऱ्यात फेफरं येऊन पडला."

चारूने त्यातलं हसल्याचं तेवढं ऐकलं.

रविवारी दुपारी जीवन आंघोळीला गेला. तिने त्याच्या शर्टातली भरलेली विडी काढली आणि गच्चीवर जाऊन पेटवली. बघू तरी, या बयेत असं काय आहे जे माझ्यात नाही!

दोन झुरक्यांत कळलं. छाती अशी धडधडली की बरगड्या फुटतील असं वाटलं. शेजारच्या पावरलूमची खटखट डोक्यात शिरली ती निघेचना. गच्चीचा कठडा लांब लांब सरकायला लागला. हात आपलेच, पण हलेनात. आपण मेलो, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. त्यातही राग आलाच. ह्याला लाड आणि मला ही भीती?

"चारू! अगं, काय केलंस हे?" जीवन ओल्या अंगानेच धावत आला. तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, हात घट्ट धरला. "घाबरू नको, उतरतं हे. मी कुठं नाही जात. ये, जवळ ये."

ये! तिलाच म्हणाला! जीव जात होता, तरी चारूला वाटलं, जिंकले गं बाई. बायकोची ही गत पाहिल्यावर कोण ठेवेल ती पुडी घरात? त्याचा हात धरूनच तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. धडधड थांबली होती, आणि हात अजून त्याच्याच हातात होता. ती मनातल्या मनात हसली आणि तिने मान वळवून वर पाहिलं.

जीवन डोळे मिटून भिंतीला टेकला होता. ओठांवर तेच गच्चीवरचं हसू. दुसऱ्या हातात तिने अर्धी टाकलेली विडी होती, पार बोटांपर्यंत जळत आलेली.

"अहो, बोट भाजतंय," ती म्हणाली. "सोडा ना तिला."

"हो," तो डोळे न उघडताच म्हणाला, आणि त्याने चारूचा हात सोडून दिला.