सरासरी वजन

द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात माझ्या मनालीचं वजन दोन किलो सहाशे भरलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून घेतलं. दिवस भरायच्या आधी झालेलं बाळ, आठवड्याभरात वजन चढलं नाही तर दाखल करावं लागेल, म्हणाल्या. सोमवारी या.

लांबलेलं बारसं दुसऱ्या दिवशी उरकलं आणि मी घरीच तिला तोलायला लागले. आमचा शेवंतीचा मळा, त्यामुळे घरात इलेक्ट्रॉनिक काटा होताच. साखरेचा किलोचा पुडा ठेवून काटा खरा असल्याची आधी खात्री केली. मग परात ठेवून आकडा शून्यावर आणायचा, मनालीचे कपडे, लंगोट काढायचे आणि तिला परातीत निजवायचं. ती हातपाय झाडायची, आकडा नाचायचा. म्हणून पुन्हा पुन्हा तोलून सरासरी काढायची. एम.ए.ला मानसशास्त्र घेतलंय, त्यात संख्याशास्त्राचा पेपर आहे. त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

सरासरी आली दोन किलो सातशे चाळीस. दुसऱ्या दिवशीही तेवढीच. तिसऱ्या दिवशीही. प्रमाण विचलन काढलं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगलेत ते. जवळजवळ नाहीच. मी ओझरला कारखान्यात नवऱ्याला, जीवनला, फोन करून सांगितलं, वजन चढलंय. सासूबाईंनी तर शेजारी जाऊन सांगितलं की सुनेनं गणित करून बघितलंय.

तरी मनाली दूध ओढता ओढता झोपून जायची. मला ते दिसत होतं. मग मी आकडा बघायचे आणि स्वतःला गप्प करायचे.

एम.ए. बाहेरून करते, त्यामुळे कॉलेजातला तास रविवारी होता. सुवर्णा मॅडमनी शिंप्याची टेप दिली आणि एकच बाक सगळ्यांना मोजायला लावला. उत्तरं जुळली. बरोबर आहे का, त्यांनी विचारलं. आम्ही हो म्हणालो. त्यांनी टेपचं टोक दाखवलं. सुरुवातीचे दोन इंच कापलेले होते.

"तुमचे आकडे एकमेकांशी जुळले, खऱ्याशी नाही जुळले," मॅडम म्हणाल्या. "हजार वेळा मोजा. सरासरी या चुकीला शिवतसुद्धा नाही."

वर्ग हसला. मी वही मिटली.

दवाखान्यात मनालीच्या अंगावर काहीच नव्हतं. बारशाला माझ्या भावानं चांदीचा करदोटा, वाळे आणि मनगट्या घातल्या. आमच्याकडे मामाची चांदी सव्वा महिना अंगावेगळी करत नाहीत. रोज मी कपडे काढत होते आणि चांदी तिच्या अंगाचाच भाग असल्यासारखी तोलत होते. आणि वाढतं बाळ रोज सारखंच कसं भरेल? तेच मी चांगलं लक्षण धरलं होतं.

तास अर्धा टाकून रिक्षानं घरी आले. सासूबाईंच्या मांडीवर मनाली निजलेली. मी वाळ्याला हात घातला तशी त्यांनी तिला पदराखाली ओढलं.

"काढू नको रूपाली. दिष्ट लागंल लेकराला."

"आई, तोलते आणि लगेच घालते."

"रोज तर तोलतीस. वाढली म्हणून तूच म्हणलीस ना?"

"चुकलं माझं. चांदी वाढली होती, ती नाही."

जीवन दारात उभा होता. त्यानं काटा आणून सासूबाईंसमोर ठेवला. करदोट्याची कडी माझ्या हातानं निघेना. शेवटी सासूबाईंनीच ती नखानं उघडली.

दोन किलो पाचशे सत्तर.

मी दुसऱ्यांदा तोललं नाही. मनाली हातपाय झाडतही नव्हती. आकडा हललाच नाही.

"म्हंजे उतरलीच की गं," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, त्या आता चांदी परत घालायला लागतील. त्यांनी ती पदरात बांधली, मनालीला दुपट्यात गुंडाळलं आणि जीवनला गाडी काढायला सांगितली.

दवाखान्यात रविवारीही डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मनालीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू बसली. अंगातलं पाणी कमी झालंय, दूध ओढायला ताकदच उरली नाही, म्हणाल्या, नळीनं द्यावं लागेल. उद्यापर्यंत थांबला नाहीत ते बरं केलंत. वाचेल ना, हे मी विचारलं नाही. जीवननं विचारलं. त्या म्हणाल्या, आजची रात्र बघू.

नळीतून पहिलं दूध उतरायला लागलं. नर्स म्हणाली, रोज सकाळी वजन होईल, अंगावर काही ठेवायचं नाही, दोराही नाही. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पुढे होऊन मनालीच्या मनगटाचा काळा दोरा सोडवला.

"उघडीच तोला," त्या नर्सला म्हणाल्या. "खरं काय ते कळू द्या."