गप्प बसणाऱ्याला पिवळा

गोड्या कुणाच्या दारात उगाच येत नाही. आला की समजावं, दुसऱ्याची वाईट बातमी त्याच्या तोंडात विरघळते आहे. शेजारच्या डाइंगचा हा मालक. टॉवेल रंगवतो आणि रंगाचं उरलेलं पाणी भिंतीला भोक पाडून थेट नाल्यात सोडतो. गोड्याकडे आज कुठली ऑर्डर चालू आहे, ते गल्लीतली पोरं नाल्याकडे बघून सांगतात.

"ऐकलंस का रंगारी," तो म्हणाला, "ठिपके लागले. मला पिवळा. तुला लाल आहे म्हणे."

"चेष्टा करू नकोस."

"तुझ्या गळ्याची शपथ."

"माझ्या कशाला? स्वतःच्या गळ्याची घे."

गोड्यानं फोन पुढे केला. दोघांकडून टॉवेल घेणारी कंपनी एकच. तिनं यंदापासून प्रत्येक टॉवेलच्या लेबलवर ठिपका छापायचं ठरवलं होतं. हा टॉवेल बनवताना पाण्याची, हवेची, जमिनीची किती वाट लागली, ते गिऱ्हाइकाला एका नजरेत कळावं म्हणून हिरवा, पिवळा, नाही तर लाल. ठिपका माणूस देत नव्हता. आकडे आपोआप गोळा करणारं यंत्र देत होतं. आणि ज्याला लाल, त्याची ऑर्डर पुढच्या हंगामापासून बंद. रंगाऱ्याचं निम्म्याहून जास्त काम त्या एका कंपनीचं होतं. फोनवर त्याच्या डाइंगचं नाव होतं आणि नावापुढे लाल.

"तुझ्याकडे तर मीटरच नाही," रंगारी म्हणाला.

"नाही म्हणून तर पिवळा. जो माहिती देत नाही, त्याला यंत्र सरासरी धरतं. आपण पडलो सरासरी माणूस." गोड्या हसला. "तुझ्या बहिणीनंच फोनवर सांगितलं ना मला. म्हणाली, जमत नसेल तर राहू द्या काका, काही बिघडत नाही. फार गोड बोलते हो पोरगी."

बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणे. इथे गप्प बसणाऱ्याची विकली गेली.

रंगारी तिथेच, ओल्या फरशीवर उभा राहिला. मीटर बसवायला बहीण स्वतः आली होती. छोटी. कंपनीत ती यंत्राच्या विभागाची प्रमुख, पण त्या दिवशी साहेबी बाजूला ठेवून शिडीवर चढली होती. बॉयलरला एक डबा, पाण्याच्या पाइपला एक, विजेच्या बोर्डाला एक. सगळे आकडे भिंतीवरच्या पडद्यावर आणि तिथून थेट कंपनीत. तो शिडी धरून खाली उभा होता. "खरं मोजलं की खऱ्याचं भलंच होतं, दादा," ती वरून म्हणाली होती. त्यानं विचारलं होतं, "आणि माझी टाकी?" मागच्या अंगणात पाणी साफ करायची टाकी होती. तिच्यात ब्लोअर दिवसरात्र हवा सोडायचा, तेव्हा कुठे घाण तळाला बसून पाणी सोडण्याजोगं व्हायचं. "तिचं तर सगळ्यात आधी धरू," छोटी म्हणाली होती.

बायकोला ते तेव्हाच पटलं नव्हतं. "एवढ्या जगात नणंदबाईंना शिडी लावायला आपलीच भिंत सापडली?" असं ती म्हणाली होती. रंगाऱ्यानं तिला गप्प केलं होतं. बहिणीवर शंका घेणं त्याला स्वतःच्या हातावर शंका घेण्यासारखं वाटायचं.

आणि नेमकी त्याच दुपारी छोटी येणार होती, पाहुणे घेऊन. मोठमोठ्या दुकानांचे खरेदीदार आणि तिचे साहेब. यंत्र प्रत्यक्ष चालताना दाखवायचं होतं. "तू दोन शब्द बोल फक्त," तिनं आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं.

पाहुणे गाडीतून उतरेपर्यंत त्यानं तिला रंगाच्या कोठीत ओढलं.

"मला लाल आहे."

छोटीनं मान खाली घातली. म्हणजे तिला ठाऊक होतं.

"गोड्याला पिवळा."

"दादा, यंत्र वीज मोजतं. तुझा ब्लोअर सारखा चालतो, वीज खूप खातो. त्यामुळे..."

"ब्लोअर पाणी साफ करतो."

"हो."

"आणि गोड्याच्या नाल्याचं काय?"

"नाल्यात जाणाऱ्या पाण्याचा भाग होता यंत्राच्या हिशेबात. काढून टाकला. वरून सांगितलं होतं, सगळेच लाल झाले तर माल कुणाकडून घ्यायचा."

"मग तू काय म्हणालीस?"

छोटी दाराच्या फटीतून गाडीकडे बघू लागली.

"आणि गोड्याला गप्प बसायला सांगितलंस. मला का नाही सांगितलंस?"

"एक तरी खरा मीटर लागतच होता, दादा. दाखवायला. कुणीच तयार होईना." तिचा आवाज बारीक झाला. "तू नाही म्हणणार नाहीस, हे माहीत होतं मला."

केसानं गळा कापणं ऐकून होता तो. केस कुणाच्या डोक्यावरचा असतो, ते आत्ता कळलं.

"आज निभाव," ती म्हणाली. "हे लोक गेले की तुझे मीटर काढून टाकते. बिघडले म्हणून कळवते. मग तूही सरासरीत जाशील. पिवळा होशील."

बाहेरून साहेबांची हाक आली.

पाहुणे पडद्यासमोर गोल करून उभे होते. साहेब सांगत होते, हे यंत्र कधी थकत नाही, कधी लाच घेत नाही. पडद्यावर लाल. साहेबांनी तेही झाकलं नाही. "बघा, कुणाची गय नाही," ते म्हणाले आणि पाहुण्यांनी माना डोलावल्या. मग ते रंगाऱ्याकडे वळले. "तुम्ही सांगा काहीतरी."

"बोलत नाही, दाखवतो," रंगारी म्हणाला.

तो बोर्डाकडे गेला आणि ब्लोअरचा खटका खाली ओढला. रात्रंदिवस चालणारी घरघर थांबली. टाकीवरचे बुडबुडे विरले. बॉयलरजवळची बायको धावत दारात आली. एवढी शांतता तिनं या शेडमध्ये कधी ऐकली नव्हती.

पडद्यावरचा आकडा घसरू लागला. पाहुण्यांचा चहा संपेपर्यंत लाल जाऊन पिवळा आला होता. थोड्या वेळानं हिरवा झाला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"किती चटकन दाखवतं," एक बाई म्हणाल्या. "कमाल आहे."

"बाई, मी काय बंद केलं ते विचारा," रंगारी म्हणाला. त्यानं सगळ्यांना मागच्या अंगणात नेलं आणि टाकी दाखवली. पाणी तसंच गडद निळं होतं. "हे साफ करणारं मशीन बंद केलं. आता हे असंच नाल्यात सोडलं तर मी हिरवा. साफ करून सोडलं तर लाल. शेजारी कधीच साफ करत नाही आणि काही सांगतही नाही. तो पिवळा."

पाहुणे टाकीत वाकून बघू लागले. रंगाऱ्याला वाटलं, पोचलं. मग साहेबांनी घसा साफ केला आणि छोटीला विचारलं, "मग हे बंदच ठेवता येईल का? म्हणजे आपल्या मालाच्या वेळेपुरतं?"

रंगारी बहिणीकडे बघत होता. लहानपणी तिला खोटं बोलता यायचं नाही. ओठ थरथरायचे, कान लाल व्हायचे, मग तोच पुढे होऊन मार खायचा. आत्ताही कान लाल झाले होते. तो वाट बघत राहिला.

"येईल," छोटी म्हणाली.

रंगारी आत गेला आणि खटका वर केला. ब्लोअर खोकला, मग लागला. पाहुण्यांची गाडी निघेपर्यंत पडदा पुन्हा लाल झाला होता, पण तो बघायला कुणी थांबलं नव्हतं.

छोटी मागे राहिली. शिडी आणून तिनं स्वतःच भिंतीला लावली आणि वर चढली.

"काढू दे तिला," बायको हळूच म्हणाली. "गोड्याला चालतं, मग आपल्याला का नाही? आत एवढी माणसं कामाला आहेत."

तिचं चूक नव्हतं, म्हणून तर रंगाऱ्याला जास्त राग आला.

"उतर खाली," तो छोटीला म्हणाला.

"दादा, ऑर्डर जाईल."

"आज गप्प बसून ती वाचवली, तर उद्या ही टाकी कशासाठी चालवू? गोड्या बिनमीटरचा खोटा, मी मीटर काढून खोटा. तुझ्या कंपनीला आणखी एक गोड्या हवाय, दुसरं काय? तो मी होणार नाही. राहू दे लाल. आणि छोटे, कंपनीच्या कामासाठी या दारात पुन्हा येऊ नकोस."

"आणि घरी?"

ती खाली उतरेपर्यंत त्यानं शिडी धरून ठेवली. मग उचलून आडवी केली आणि कोठीत नेऊन ठेवली. बाहेर आला तेव्हा ती गेली होती.

आत टॉवेल पिळणारी माणसं काम थांबवून त्याच्याकडे बघत होती. टाळ्या त्यांनीही ऐकल्या होत्या. काहीतरी चांगलं झालं असणार, असं त्यांना वाटत होतं.

"मी येते बरोबर," बायको म्हणाली. पुढच्या हंगामापासून काम निम्म्यावर येणार, हे सांगायला दोघं आत गेली.